घसरणारी खिडकी

वडगावात आमच्या अक्काताई आत्याच्या घरी खाली चार यंत्रमाग आणि माळ्यावर स्वरूपदादा. माग साड्या विणतात. दादा गेम लिहिणाऱ्यांना फुकट मिळणाऱ्या एका लायब्ररीतलं, म्हणजे तयार कोडच्या संचातलं, खिडक्यांचं काम बघतो. गेमची खिडकी विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्हींवर सारखी उघडावी, मोठी व्हावी, परत लहान व्हावी, एवढंच. त्याची दुरुस्ती दोनदा परत आली होती: 'लिनक्सवर बिघडते.' नव्या आवृत्तीत दुरुस्त्या घेणं त्या संध्याकाळी बंद होणार होतं. आता बिघडली तर ते काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

लिनक्स होतं माझ्या जुन्या लॅपटॉपवर. म्हणून मराठीत एम.ए. झालेली मी तपासनीस.

मी खिडकी मोठी केली, लहान केली आणि लिहून दिलं, 'खिडकी आपल्या मूळ स्थानी शांतपणे परतते.' 'शांतपणे' या शब्दावर माझी दहा मिनिटं गेली होती.

आत्या चहा घेऊन वर आली. "परत कर बघू," म्हणाली. मी केलं.

"आन् येकदा."

पाकिटातली टिकली काढून तिनं खिडकीच्या कोपऱ्यावर, थेट पडद्यावर चिकटवली.

"आत्या, स्क्रीन!"

"गप गं."

मागावर कापडाचा काठ सरकतोय का, हे ती असंच खूण करून बघते. दर खेपेला एक टिकली. सहा झाल्या, तर जिन्यासारख्या खाली उतरत गेलेल्या.

"काठ सुटलाय की रं, स्वरूप. हिला कसं दिसंना?"

"तिनं एकदाच बघितलं, आई."

"एकदा बघून साडीची घडी घालत्यात व्हय? लई शिकल्याली हाय नव्हं?"

"म्हणूनच की," दादा म्हणाला.

खिडकीच्या डोक्यावरच्या पट्टीची जाडी लिनक्सवर परतताना दुसऱ्यांदा मोजली जात होती. दर वेळी खिडकी तेवढी खाली. दादानं तीन ओळी बदलल्या. आत्यानं माझ्याकडून वीसदा करून घेतलं. या वेळी टिकली एकच पुरली.

सहाच्या सुमारास उत्तर आलं: दुरुस्ती घेतली, तपासणाऱ्यांची नावं कळवा. दादानं लिहिलं, 'तपासणी: अक्काताई.'

"आणि मी?"

"आहेस की," म्हणत त्यानं खाली आणखी एक ओळ घातली.

'लॅपटॉप: आरोही.'