टेम्पो येण्याआधी जामखेड

चार पेनड्राइव्ह, दोन शर्ट आणि बायकोने बांधून दिलेल्या दशम्या घेऊन मी पुण्याहून जामखेडची एसटी पकडली. पेनड्राइव्हमध्ये लिनक्स होतं. संगणक चालवणारी ही प्रणाली फुकट मिळते, कुणीही वापरावी, बदलावी, पुढच्याला द्यावी. आणि म्हाताऱ्या मशीनवरही ती धावते. तिचा प्रचार करायची मला खोडच आहे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी कुणाला सोडत नाही.

नगर मागे पडलं तसं हिरवं विरळ झालं. तुरीची शेतं, मग नुसता माळ. जामखेडहून पुढे जीप. शेजारच्या आजोबांनी माझी चौकशी केली.

“फुकाट वाटता व्हय? मंग पोट कशावर चालतं?”

“पेन्शनवर.”

“मंग ठीक हाय,” म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मला बोलावून घेणाऱ्या शबानाबाई शाळेच्या फाटकात उभ्याच होत्या. सहावी-सातवीला शिकवतात. देणगीत मिळालेले आठ जुने संगणक वर्षभर बंद पडून होते, आणि शाळा समितीच्या अध्यक्षांना, भाऊसाहेबांना, ती खोली खिचडीच्या तांदळाची पोती ठेवायला हवी होती. चारला भंगारवाला टेम्पो घेऊन येणार होता.

“एक जरी चालू झाला ना सर, तर खोली वाचेल,” बाई म्हणाल्या. “माझ्या पोरींनी माऊस फक्त पुस्तकातल्या चित्रात बघितलाय.”

“बाई, जेवणाच्या सुट्टीपर्यंत आठही नाचतील!” मी छाती फुगवून सांगितलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही.

पहिलं मशीन सुरू झालं, पंखा घरघरला, पण पेनड्राइव्हला ओळखच देईना. दुसरं तसंच. तिसरंही. पेनड्राइव्ह बदलले, मागच्या बाजूला लावून पाहिले. शेवटी मोबाईलच्या उजेडात खाचांमध्ये डोकावलो, तर आत सगळं लालसर. गंज! दुपारी खिचडी रांधणाऱ्या मंदामावशींनी माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) आणि भाकरी आणून दिली. एरवी दोन वाट्या मागितल्या असत्या, त्या दिवशी भाकरी बाजूला ठेवून पुन्हा मशीनपाशी बसलो.

साडेतीनला मी हात टेकले. “बाई, मशीनं गेली.”

त्या वायरी गुंडाळायला लागल्या. भाऊसाहेब दारातून म्हणाले, “मी आधीच म्हनलं हुतं.” बाहेर वेळेआधीच टेम्पोचा हॉर्न वाजला.

खोली झाडायला आलेल्या मंदामावशी खराटा घेऊन थांबल्या. “त्यो गंज न्हाई, सायब. कुक्कू हाय.”

“काय?”

“दसऱ्याला पूजा केली न्हवं का! विळ्या-कोयत्याला कुठं लावायचं म्हाईत असतं. ह्येला कपाळच न्हाई. मंग दिसंल त्या भोकात लावलं. पान्यात कालवून लावलं, मंजी लवकर पडायचं न्हाई.”

“मागच्या बाजूला पण?”

“मागल्यांनी काय पाप केलं हुतं?”

मला हसू आवरेना. मग स्वतःचाच राग आला. मशीनं बंद केली, मावशींनी खराट्याच्या काड्या तासून दिल्या, बाईंनी औषधाच्या पेटीतलं स्पिरिट काढलं, आणि आम्ही तिघं खाचा कोरत बसलो. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. “दम धर की रं!” भाऊसाहेबच त्याच्यावर ओरडले.

चार वाजून गेल्यावर पहिल्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटली. खिडकीला लटकलेल्या पोरी अशा किंचाळल्या, की टेम्पोवाला खाली उतरून बघायला आला.

“आन ह्ये खरंच फुकाट?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“खरंच. शेजारच्या गावच्या शाळेलाही द्या.”

त्यांनी डोकं खाजवलं आणि टेम्पोवाल्याकडे वळले. “आता आलाच हायस, तर तांदळाची पोती भर. माझ्या पडवीत टाकू.”

शबानाबाई ओढणी तोंडाला लावून ढसाढसा रडल्या. मलाही हुंदका आवरला नाही.

संध्याकाळपर्यंत सहा मशीनं चालू झाली. दोन खरोखरच गेलेली होती. पेनड्राइव्ह तिथेच ठेवून मी परत निघालो. एसटीत सगळे डुलक्या काढत होते, मला मात्र झोप येईना. मावशी झाडायला पाच मिनिटं उशिरा आल्या असत्या, तर ती आठही मशीनं मीच हातभार लावून टेम्पोत चढवली असती. आजवर माझ्या शब्दावर किती भंगारात गेली, देव जाणे. हल्ली एखादं मशीन ‘गेलं’ म्हणायच्या आधी मी विचारतो, ही खोली झाडतं कोण?