‘थांबून बोलू’चे सुधाकरभाऊ

सुधाकरभाऊ गेल्याची बातमी मला मोबाइलवरच्या ग्रुपवर कळली. कळली म्हणणंही खरं नाही. त्या दिवशी कळमेश्वरला आमच्या कंपनीत नव्याने लागलेल्या मुलांचं प्रशिक्षण होतं आणि गाडीत बसल्या बसल्या मी मोबाइल चाळत होते. कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, गुलाबाचं फूल, एक सुविचार, आणि त्यांच्या मधे एक ओळ... ‘आपले जुने सदस्य श्री. सुधाकर गिरडकर यांचे काल हृदयविकाराने निधन झाले.’ खाली पंधरा-वीस जणांनी जोडलेले हात टाकले होते. मीही टाकले आणि पुढे सरकले. मग दोन तास त्या मुलांसमोर बोलले. न घाबरता चारचौघांत कसं बोलावं, हाच माझा विषय होता. चहाच्या सुट्टीत कप हातात घेतला तेव्हा कुठे ते नाव आतपर्यंत पोचलं. मी जिन्यात जाऊन बसले. त्या दिवशीची उरलेली सत्रं दुसऱ्या कोणीतरी घेतली.

मी अडखळते. लहानपणापासून. आता ते लपवायला शिकले आहे, इतकंच. नागपूरला महाल भागात राहायचो तेव्हा आई किराणा आणायला पाठवायची आणि मी तुरीची डाळ सांगितली असताना मुगाची घेऊन यायची, कारण ‘त’वर माझा घसा बंद व्हायचा. सगळ्यांत अवघड माझंच नाव. अर्चना. वर्गात हजेरीला, बँकेत, फोनवर... ‘अ’ म्हणायला तोंड उघडायचं आणि काहीच बाहेर यायचं नाही. लोक आधी थांबायचे, मग हसायचे, मग माझ्या वतीने काहीतरी नाव सांगून टाकायचे. मी कितीतरी ठिकाणी अनिता म्हणून, अलका म्हणून गेले आहे. कोणी चुकीचं नाव घेतलं की मान हलवून मोकळं व्हायचं, ही माझी सवय होती.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून घरी बसले होते तेव्हा आमच्या गल्लीतल्या नेट कॅफेत मला ‘थांबून बोलू’ सापडला. अडखळणाऱ्या मराठी माणसांचा तो ईमेलवरचा चर्चागट होता. एकाने लिहायचं, ते सगळ्यांच्या पेटीत जायचं, मग ज्याला सुचेल त्याने सवडीने उत्तर द्यायचं. मी भीत भीत चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर होतं. ‘अर्चनाताई, नाव टाईप करताना अडखळलात का? नाही ना. मग इथे तुम्ही अडखळत नाही. या.’ खाली सही होती, सुधाकर गिरडकर, अस्तराचे ठोक विक्रेते, गांधीबाग, नागपूर. मी ते उत्तर किती वेळा वाचलं असेन, सांगता येत नाही. माझं नाव मी स्वतः सांगितलं होतं आणि ते कोणीतरी जसंच्या तसं मला परत दिलं होतं.

आज कोणाला पटणार नाही, पण त्या गटात एकेक चर्चा तीन-तीन आठवडे चालायची. लग्न जमवताना मुलाकडच्यांना आधी सांगावं की नाही, यावर अकोल्याचे एक मास्तर आणि पुण्याची एक नर्स यांची जुंपली होती ती महिनाभर मिटली नव्हती. एका मुलाने विचारलं होतं की बसमध्ये गावाचं नाव निघत नाही, तर आधीच्या थांब्यावर उतरून चालत जातो, हे बरोबर आहे का. त्याला नऊ जणांनी लिहिलं. सुधाकरभाऊंनी सगळ्यांत शेवटी लिहिलं की मीही पंधरा वर्षं असाच चाललो, पाय मजबूत झाले, पण गाव लांबच राहिलं. ते असं लिहायचे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, धंदा कापडाच्या गठ्ठ्यांचा, पण लिहायला बसले की वाक्य कसं सरळ यायचं. प्रत्यक्षात त्यांचं अडखळणं आमच्यापैकी सर्वांत जड होतं. दोन-तीनदा आम्ही नागपूरचे सदस्य एका बागेत जमलो होतो, तेव्हा पाहिलं मी. एक शब्द काढताना त्यांचे डोळे मिटायचे, मान एका बाजूला ओढली जायची. आम्ही सगळे गप्प थांबायचो. तिथे ते साधंच वाटायचं.

कळमेश्वरच्या कंपनीत मला मुलाखतीला बोलावलं तेव्हा मी जाणार नाही असं गटावर लिहून टाकलं होतं. मुलाखतीच्या दिवशी सकाळी घरमालकांकडे माझ्यासाठी फोन आला. मी रिसीव्हर कानाला लावला तर पलीकडे नुसता श्वास. मग एक अक्षर, पुन्हा श्वास. कोण आहे ते मला कळलं. फोनला सुधाकरभाऊ किती भ्यायचे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानाचा फोनसुद्धा ते बायकोला उचलायला लावायचे. मी थांबले. घरमालकीणबाई दारातून माझ्याकडे बघत होत्या, कारण मीही काही बोलत नव्हते. शेवटी ते म्हणाले, “जा वं... अडकली तं अडकली. अडकून राहिली म्हणून सांगायचं आन् थांबायचं.” एवढंच. मी गेले. त्या तीन साहेबांना पहिलंच वाक्य सांगितलं की मी अडखळते, मला वेळ लागेल. त्यांनी वेळ दिला. ती नोकरी मी आजही करते आहे.

पुढची हकीकत सांगताना मला माझी लाज वाटते, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

नोकरी लागली, पगारातून मी उपचार घेतले, शब्द पुढे-मागे करायच्या युक्त्या शिकले. प्रयोगशाळेतून कर्मचारी विभागात आले, तिथून प्रशिक्षणात. ऑफिसात त्या तीन साहेबांखेरीज कोणालाही माहीत नव्हतं की मी एकेकाळी नाव सांगू शकत नव्हते. मी ते कळू दिलं नाही. गटाचं काम मात्र सुधाकरभाऊंनी माझ्यावर अर्धं टाकलं होतं. नवीन माणसाला आत घ्यायचं, भांडणं थांबवायची, जुन्या पत्रांतून उत्तरं शोधून द्यायची. ते मला जड व्हायला लागलं. त्याच सुमारास सगळ्यांच्या हातात नवे मोबाइल आले आणि मी आमच्यातल्या साठ-सत्तर जणांचा मोबाइलवर एक ग्रुप काढला. लोक धावत आले. दिवसभर टुणटुण वाजायचं. ईमेलच्या गटावर आठवड्यात एखादं पत्र यायला लागलं, मग महिन्यात एखादं. ते बहुतेक सुधाकरभाऊंचंच असायचं.

मग मोबाइलवर बोलून पाठवायची सोय आली. मला वाटलं, सरावाला किती छान. मी नियम केला की रोज प्रत्येकाने एक मिनिट बोलून पाठवायचं. ज्यांना बऱ्यापैकी बोलता येत होतं ते आणखी बोलायला लागले. त्यांना टाळ्या मिळायच्या. ज्यांना येत नव्हतं ते हळूहळू गप्प झाले. म्हणजे शाळेत जे व्हायचं तेच पुन्हा झालं, आणि यावेळी वर्गाच्या पुढे मी उभी होते. हे मला तेव्हा दिसलं नाही असं लिहायचा मोह होतो आहे. पण थोडं थोडं दिसत होतं.

एक दिवस मी लिहिलं की दोन-दोन ठिकाणं कशाला सांभाळायची, जुना ईमेल-गट आता बंद करू या का? कोणाचं काही म्हणणं असेल तर बोलून पाठवा. ‘लिहून’ नाही, ‘बोलून’ असं मी लिहिलं होतं. सगळ्यांनी होकार दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कंपनीच्या कँटीनमध्ये होते तेव्हा सुधाकरभाऊंचा आवाज आला. त्या ग्रुपवर त्यांनी पाठवलेला पहिला आणि शेवटचा. मी इअरफोन लावून ऐकला. “नमस्कार... मी सु... सुधाकर. आपला जुना ग्रुप... बंद क...” आणि तिथे ते अडकले. ‘क’, ‘क’, मग लांब श्वास, मग पुन्हा ‘क’. मागे गांधीबागेतले हॉर्न वाजत होते. मिनिटभराने ते तुटलं. बोट निसटलं असावं. मी स्क्रीनकडे पाहिलं तर वर दिसत होतं की सुधाकर अजून रेकॉर्ड करत आहेत. म्हणजे ते उरलेलं बोलत होते. ते मला दिसत होतं. समोर डबा उघडा होता, दहा मिनिटांत मीटिंग होती. मी टाईप केलं, ‘सुधाकरभाऊ म्हणताहेत, बंद करू या. त्यांचाही होकार आहे. धन्यवाद भाऊ.’

वरची ती ओळ नाहीशी झाली. काही आलं नाही. खाली अंगठे पडत गेले.

आम्हा अडखळणाऱ्यांना सर्वांत जास्त काय लागत असेल तर कोणी आपलं वाक्य पुरं करणं. हसणं परवडतं. मला अनिता आणि अलका करणाऱ्या लोकांना मी आयुष्यभर मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि मी हे केलं. मला खरंच वाटलं होतं का की त्यांना ‘करू या’ म्हणायचं आहे? मी या प्रश्नापाशी गेले काही आठवडे बसून आहे. वाटलं असतं तर मी संध्याकाळी त्यांना विचारलं असतं. मी विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल ते मला माहीत होतं.

गट ते चालवत असल्यामुळे तो बंद काही झाला नाही. त्यांनी तो एकट्याने चालू ठेवला. अधूनमधून गटावरचं पत्र माझ्या पेटीत यायचं आणि मी अशी सोय करून ठेवली होती की ते परस्पर वेगळ्या कप्प्यात जाऊन पडेल. ती पत्रं मी वाचली नाहीत. एकही नाही. सणावाराला मोबाइलवर शुभेच्छा पाठवायची, त्यांचंही उत्तर यायचं.

ते गेल्यावर मी तो कप्पा उघडला. आधी त्या दिवसाचं पत्र शोधलं. त्याच संध्याकाळी त्यांनी गटावर लिहिलं होतं. ‘मला आज म्हणायचं होतं की बंद करू नका. ज्याला अजून बोलता येत नाही, त्याला लिहायला एक जागा असू द्या. अर्चना कामात असते, घाईत ऐकण्यात चूक झाली असेल, तिला कोणी काही म्हणू नये.’ म्हणणारं तिथे उरलंच नव्हतं. ते पत्र माझ्याकडे इतकी वर्षं न उघडता पडून होतं.

बाकीची पत्रं वाचायला मला बरेच दिवस लागले. कोणी ना कोणी तिथे येतच होतं. कुठूनतरी शोधत शोधत, चुकतमाकत. वरोऱ्याकडची एक मुलगी, एक रिटायर्ड पोलीस, एक बाप ज्याचा मुलगा शाळेत जात नव्हता. प्रत्येकाला सुधाकरभाऊंनी लिहिलं होतं. कोणाला दोन पानं, कोणाला चार ओळी. उत्तर देणारे ते एकटेच होते, तरी गटाचा रिवाज म्हणून शेवटी लिहायचे, ‘बाकीचेही सवडीने लिहितील.’

मागच्या आठवड्यात मी गांधीबागेत त्यांच्या दुकानी गेले. वहिनी आधीच वारल्या आहेत. दुकान आता मुलगी वैशाली पाहते. तिने मला ओळखलं नाही. मी नाव सांगायला तोंड उघडलं आणि खूप वर्षांनी ‘अ’ तसाच अडकला, पूर्वीसारखा. युक्त्या मला आठवल्या, पण मी त्या वापरल्या नाहीत. ती हातातली कात्री खाली ठेवून उभी राहिली. नाव आलं तशी म्हणाली, “या न मावशी. बाबांच्या तोंडून लय ऐकलं तुमचं नाव.” तेव्हा मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. कँटीन, तो आवाज, मी काय टाईप केलं ते. अडखळत सांगितलं, वेळ लागला. वैशालीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तो दिवस तिला आठवतो. ती खाली गिऱ्हाईक पाहत होती आणि बाबा वर माळ्यावर मोबाइल घेऊन बसले होते. सकाळपासून एकच वाक्य घोकत होते.

“दुसऱ्यांदा पूर्ण बोलले होते ते,” ती म्हणाली. “मी खालून ऐकलं. ‘बंद करू नोका.’ अडकत अडकत, पण पूर्ण. मंग पाठवलंच नाही. मी म्हटलं, काहून गा बाबा? तं म्हणे, अर्चनानं सांगून टाकलं.”

  मग तिने मला वर माळ्यावर नेलं. लाकडी जिना, दोन्ही बाजूंना अस्तराचे तागे, खिडकीपाशी टेबल, त्यावर जुना कम्प्युटर आणि कापडाची गादी घातलेली खुर्ची. तिने सांगितलं की रोज सकाळी दुकान उघडलं की बाबा आधी इथे यायचे आणि गटावर आलेलं पत्र मोठ्याने वाचायचे. उत्तर मग लिहायचे, आधी पूर्ण पत्र वाचून काढायचे. चार ओळींना कधी अर्धा तास लागायचा. लहानपणी तिला ते आवडत नसे, खालच्या गिऱ्हाइकांसमोर लाज वाटायची. एकदा तिने विचारलंही होतं. ते म्हणाले होते की लिहिणाऱ्याच्या तोंडून निघालं नाही म्हणून त्याने लिहिलं, आता कोणाच्या तरी तोंडून ते निघालं पाहिजे. “तुमचं पयलं पत्र मले अजून याद आहे,” ती म्हणाली. “तुरीच्या डाळीचं. तुरीच्या ‘त’वर बाबाही लय वेळ अडकले होते.”

खाली कोणीतरी हाक मारली म्हणून ती गेली. जाताना कम्प्युटर सुरू करून गेली. बाबांच्या नंतर आलेलं एक पत्र तसंच पडून आहे, असं तिने सांगितलं होतं. मी ते उघडलं. कुणा मुलाचं होतं, सात-आठ ओळींचं, नमस्कार करून सुरू केलेलं. मी त्या खुर्चीत बसले आणि मोठ्याने वाचायला लागले. पहिली ओळ निघाली. दुसऱ्या ओळीच्या पहिल्याच शब्दावर मी अडकले. खाली मीटरने कापड मोजायचा आवाज येत होता, तो थांबला. वैशाली गिऱ्हाइकाला हळूच काहीतरी म्हणाली... आणि मग ती दोघंही, खाली, गप्प उभी राहिली.