फोनच्या डब्याची चावी

"आणा ती पिशवी इकडे, मावशी."

बाईंनी ती सातवीच्या वर्गासमोर टेबलावर ओतली. पोळीचा डबा, कंगवा, रक्तदाबाच्या गोळ्या, धुतलेलं पोलकं, माझा बटणांचा फोन. पोलकं बघून मागच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. भिंतीवरच्या पडद्यावर मोठ्ठी अक्षरं होती : इंटरनेटवर सुरक्षित कसे राहावे.

सदाशिव पेठेतल्या त्या शाळेत मी शिपाईण होते. पोरं शिकवणीला जायचं म्हणून फोन आणायची. सकाळी ते माझ्याकडे जमा. पत्र्याचा डबा, त्याला कुलूप, चावी माझ्या कमरेला. केवढा तोरा मला त्या चावीचा! चालताना मुद्दाम वाजवायचे. येडी. चावी जिच्याकडे, संशयही तिच्यावरच, एवढं साधं कळत नव्हतं.

त्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीच्या नावानं कुणीतरी खोटं अकाउंट उघडलं होतं. तिचा फोटो, पूर्ण नाव, वर्ग, आणि खाली घाण मजकूर. पोरगी जेवेना. म्हणून हा खास तास, शिकवायला आयटीतले एक साहेब. चोर मात्र बाईंनी आधीच ठरवला होता.

"फोन तुमच्याच ताब्यात असतात. राहता येरवड्याला. घरी तरुण मुलगा आहे ना?"

येरवड्यात तुरुंग. म्हणजे आम्ही सगळे आतलेच.

साहेबांनी लगेच धडा दिला. "बघा मुलांनो, आपला फोन अशा कुणाच्याही हातात द्यायचा नसतो."

अशा.

आणि मी? हात जोडून उभी. "देवाशप्पथ बाई, देवाशप्पथ." आज ती मी मला भेटली, तर त्या जोडलेल्या हातांवर पहिली चापट देईन.

मग साहेबांनी तो फोटो पडद्यावर लावला. चेहरा झाकलेला, बाकी नाव-वर्ग सगळं उघडं. मुलीनं बाकावर डोकं टेकवलं. मी फोटोतली तिच्या मागची पताका बघितली. केशरी, एका टोकाला लोंबलेली. स्टुलावर चढून मीच खळीनं चिकटवलेली.

माझे हात आपोआप सुटले.

"बाई, हा बक्षीस समारंभ. त्या दिवशी फोनला सक्त मनाई होती, डबा रिकामा होता. फोटो तुम्ही काढत होतात."

"मग?"

"मग टाकलात कुठे?"

साहेबांनी शोधलं. शाळेच्याच इंटरनेटवरच्या पानावर निघाला. नाव, वर्ग, टक्के, शिकवणीचा पत्तासुद्धा. बाईंनी कौतुकानं लिहिलेलं, सगळ्या जगाला खुलं. तिथून कुणी उचलला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. शोधायची घाईही मग कुणाला राहिली नाही.

"बरं, राहू द्या. उचला तुमचं सामान."

"ज्यांनी ओतलं त्यांनी भरायचं."

"मावशी, नाटकं पुरे!"

मी हलले नाही. तीच मुलगी गोळ्या उचलायला पुढे आली. म्हटलं, "तू नाही, बाळ. तू बस." अख्ख्या वर्गासमोर बाईंनी एकेक वस्तू भरली. पोलकं दोन बोटांनी धरून. माफी? छे. पुढच्या जूनमध्ये मला कामावर बोलावलंच नाही.

परवा नातीच्या शाळेतून कागद आला. पाल्याचे फोटो व माहिती प्रसिद्धीसाठी वापरण्यास हरकत नाही. सून म्हणाली, "आई, सगळेच सही करतात." म्हटलं, म्हणूनच मी जाते.

कार्यालयात विचारलं, फोटो कोण काढणार? कुठे टाकणार? नको झाला तर पुसणार कोण?

कारकून हसला. "आजी, तुम्हाला यातलं काय कळतं? मुलांच्या भल्यासाठीच आहे हे."

कुणी भलं म्हणालं की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघते. त्याच्या हातात पेन होतं. ते घेतलं. 'नाही' खोडलं, 'आहे' लिहिलं. हरकत आहे. पोच मागितली, शिक्क्यासकट.

"शिक्का साहेबांकडे असतो, साहेब जागेवर नाहीत."

"येतील की. मी बसते."

मी समोरची खुर्ची ओढली. पोरीला विचारल्याशिवाय तिचा चेहरा कुठेही लागणार नाही. पोच हातात पडल्याशिवाय मी उठणार नाही.