सोडियमच्या खालचं पोटॅशियम

सोडियमच्या बरोबर खाली पोटॅशियम बसतं, हे मी किरनापूरच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत अकरावीला कित्येक वर्षं शिकवते आहे. अतिथी शिक्षिका म्हणजे दर सत्राला नव्याने लागणारी, पण आवर्तसारणीचा धडा माझ्या हक्काचा. एका उभ्या रांगेतली मूलद्रव्यं एका घरच्या भावंडांसारखी असतात, असं मी मुलांना हिंदीतून सांगते. मग लगेच बजावते की खाली जाल तसा अणू मोठा होतो, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब पडतो, त्याच्यावरची पकड सैल होते. म्हणून पाण्यात टाकलेलं सोडियम फसफसत पळतं आणि पोटॅशियम सरळ पेट घेतं. रांग एक असली तरी स्वभाव बदलत जातो, हे मी फळ्यावर हात आपटून सांगते. वर्गात माझा आवाज जरा जास्तच चढतो.

बाबा मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत डंपर चालवून निवृत्त झाले आणि बालाघाटला घरी येऊन बसले. वर्षभरापूर्वी त्यांचा रक्तदाब वाढला, मूत्रपिंडंही थोडी कमजोर निघाली. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. ज्या माणसाने जन्मभर ठेचा आणि सुकी मासळी खाल्ली, त्याच्यापुढे आई अळणी वरण ठेवू लागली. दोन घास घेऊन ते ताट सरकवायचे. महिन्याभरात सदरा अंगावर लोंबायला लागला. आई माझ्याकडे रडकुंडीला येऊन सांगायची, आणि मी त्यांच्यावर चिडायचे, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

मग मी शहाणपण पाजळलं. दुकानात एका मिठाच्या पाकिटावर ‘सोडियम कमी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मी ते उलटं करून वाचलं. सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड होतं. कुणी मला फसवलं नाही. मी वाचलं, आणि मला आनंद झाला. त्याच रांगेतलं पुढचं, चवही मिठाची, रक्तदाबालाही बरं. त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं. तीही वाचली. रसायनशास्त्र शिकवणारी मी, मी कुणाला काय विचारायचं, असं तेव्हा मनात आलं. अंगातलं जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंडच बाहेर टाकतं आणि बाबांची तर तीच थकली आहेत, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात शिरलं नाही. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तीन आठवडे घरात सण असल्यासारखं होतं. बाबा जेवू लागले. थोडं कडू लागते म्हणायचे, आणि कडू लागतं म्हणून खारटपणासाठी वरून आणखी घ्यायचे. आई शेजारणींना सांगत फिरायची की पोरीने उपाय काढला.

त्या सकाळी मी किरनापूरच्या बसमध्ये चढत होते, तेवढ्यात आईचा फोन आला. “बाबाले उठताच नाही येऊन राह्यलं. पायात जीवच नाही म्हणते.” मी तशीच उतरले. ऑटोतून दवाखान्यात नेईपर्यंत बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं होतं आणि मनगटावरची नाडी मला सापडत नव्हती. सापडली तेव्हा इतकी हळू होती की पुढचा ठोका पडेल की नाही, म्हणून मी दर वेळी श्वास रोखून धरायचे. हृदयाचा आलेख बघताच डॉक्टरांनी घाईने रक्त तपासायला पाठवलं. रक्ताचा अहवालही आला. पोटॅशियम फार वाढलं होतं. तो शब्द मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय होतं. आई घाईघाईने पुढे झाली. “सादं मीठ त आम्ही देतच नाही, साहेब. पोरगी रसायनशास्त्र शिकवते, तिनंच वाचून वेगळं मीठ आणलं.” कौतुकाने सांगत होती बिचारी. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, त्यात काय होतं. मी सांगितलं. त्यांनी लगेच नर्सला कॅल्शियमचं इंजेक्शन आणायला सांगितलं.

कॅल्शियम म्हणजे पोटॅशियमच्या अगदी शेजारचं, त्याच आडव्या ओळीत एक घर उजवीकडे. केंद्राची ओढ थोडी जास्त, अणू थोडा लहान, एकाऐवजी दोन इलेक्ट्रॉन देणारं. हेही मीच शिकवते. आता ते सुईतून हळूहळू बाबांच्या शिरेत जात होतं, त्यांचं हृदय थांबू नये म्हणून, आणि मी पडद्यावरची रेघ बघत उभी होते. आमच्या घरी देवाला साकडं घालायची रीत नाही. त्यामुळे भीक मागावी तरी कुणाकडे, तेही कळेना. मी भिंतीकडे तोंड करून नुसती ‘नको, नको’ म्हणत राहिले.

बाहेर बाकावर आई स्वतःलाच बोल लावत होती. माझ्याच हातून मीठ जास्त पडलं असन काय, असं ती मला तीन वेळा विचारून झाली. तेव्हा खरं सांगायचं धाडस झालं नाही, याची मला त्या मिठाहून जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी डोळे नीट उघडले. या खेपेला वाचले, असं डॉक्टर म्हणाले, पण मूत्रपिंडं फार खालावली, आता डायलिसिस चालू करावं लागेल आणि पुढचं काही सांगता येत नाही. मला आणखी लपवणं सहन होईना. खाटेपाशी बसून मी दोघांना सगळं सांगितलं, कुठलं मीठ, त्यात काय, ते अंगात का साठलं. आई तोंडाला पदर लावून ऐकत राहिली. बाबांनी सलाइन लावलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

“तुले माहीत नसन,” ते म्हणाले. “माहीत असतं त तू आणलं असतं काय?”

“मले माहीत होतं, बाबा. पाकिटावर लिहून होतं, मी वाचलं होतं.”

त्यांनी हात काढला नाही. घसा कोरडा पडला म्हणून पाणी मागितलं. डॉक्टरांनी आता पाणीही मोजून द्यायला सांगितलं होतं. आईने पेल्यात पाणी ओतलं आणि माझ्याकडे वळून नेहमीसारखं विचारलं, “किती देऊ, तू सांग.” मी उठले आणि नर्सला शोधायला बाहेर पळाले.