दिवाळीपासूनचा खोकला

कोरोनाच्या दिवसांत म्हैसूरजवळच्या कडकोळच्या कारखान्यातली लातूरकडची एक बाई दवाखान्यात आली होती. तिला कन्नड येत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी शेजारच्या शाळेतून मला, घरी मराठी बोलणाऱ्या शिक्षिकेला, बोलावून घेतलं.

"ताई, खोकला यावागिंद... म्हणजे, कधीपासून?" मी विचारलं.

माझी म्हैसुरी मराठी ऐकून ती हसली. हसताहसता तिला खोकल्याची उबळ आली आणि पदराला रक्त लागलं.

"दिवाळीपासनं असंच चाललंय. तीनदा नाकात काडी घातली, कोरोना नाही म्हणाले अन् परत पाठवलं."

"रक्ताचं सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू? इथली भाषाच येत नाही."

मी डॉक्टरांना खोकल्याचं आणि रक्ताचं सगळं कन्नडमध्ये सांगितलं.

थुंकी तपासल्यावर क्षय निघाला. तिच्या खोलीत राहणाऱ्या दोघींनाही तोच होता. सहा महिने गोळ्या घेऊन तिघी बऱ्या झाल्या.