पाच घरांचं पीठ

आरशात पाहणं मी सोडलं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. डाव्या कानाखाली हरभऱ्याएवढी गाठ आली, दुखत नव्हती म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मग गालाला मुंग्या यायला लागल्या. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं, लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर आहे, त्यातलाही दुर्मीळ प्रकार. हा गाठीत बसून राहत नाही, नसेच्या कडेकडेनं पुढे सरकतो. ग्रंथी काढताना चेहऱ्याची नसही कापावी लागली. शुद्धीवर आले तेव्हा माझं अर्धं तोंड खाली ओघळलं होतं. डावा डोळा मिटत नव्हता, पाणी प्यायले तर ओठाच्या कोपऱ्यातून सांडत होतं. छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसात बारीक ठिपके दिसले. ते त्याचेच असावेत, असं बाई म्हणाल्या.

मी तुळजापूरच्या पुढच्या एका खेड्यातली. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शिष्यवृत्तीवर शिकले, पुण्यात आले, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामाला लागले. धायरीत फ्लॅट घेतला, तोही माझ्या आणि नवऱ्याच्या पगारावर, कुणाच्या ओळखीपाळखीनं नाही. याचा मला अभिमान होता, आजही आहे. लहानपणी आई मंगळवारी परडी घेऊन जोगवा मागायला जायची. एकदा माझ्याच वर्गातल्या मुलीच्या दारात ती उभी राहिली आणि मी तिच्या पदराआड. तेव्हाच ठरवलं होतं, शिकायचं आणि कुणापुढे हात पसरायचा नाही. ते मी पाळलं होतं. ऑपरेशननंतर बिल्डिंगमधल्या बायका डबा देऊ का विचारायच्या, तर मी आतूनच 'नको' म्हणायचे.

रेडिएशन सुरू झालं. चेहऱ्याच्या मापाची एक जाळी बनवतात, ती तोंडावर बसवून टेबलाला पक्की करतात. मग हलता येत नाही, बोलता येत नाही. पहिले काही दिवस बरे गेले. नंतर तोंड आतून सोलून निघालं. लाळ आटली. चव तर अशी गेली, की वरणभात ओल्या पुठ्ठ्यासारखा लागायचा. सूप, प्रोटीनची पावडर, केळं कुस्करून, सगळं करून झालं. घशाशी गेलं की परत यायचं. कपडे अंगावर लोंबायला लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वजन अजून उतरलं तर पोटातून नळी घालू, पण मध्येच सोडू नका. तिथे शिल्लक राहिलं तर नसेवरून डोक्याकडे जाईल."

"आणि फुप्फुसातलं?"

"ते हळू चालतं. वर्षानुवर्षंही चालतं कधी. त्याच्यावर नजर ठेवू."

नजर ठेवू. मी टेस्टिंगवाली आहे, मला त्याचा अर्थ कळतो. जी चूक दुरुस्त होत नाही तिच्यावर नजर ठेवतात. आग माजघरात पोचली आणि मी दाराची चौकट भाजून घेतेय, असं वाटायला लागलं. त्या सोमवारी मी गेले नाही. नवऱ्यानं गाडी काढून ठेवली होती. मी म्हटलं, "आता जाणार नाही. आज नाही आणि उद्याही नाही." तो खूप वेळ दाराशी बसून राहिला, मग एकटाच ऑफिसला गेला. देवाला मी कधी शिव्या दिल्या नाहीत, पण त्या दिवशी भिंतीवरच्या भवानीच्या तसबिरीकडे पाठ करून झोपले.

आई गावाहून आलेली होतीच. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी ती माझ्या उशाशी बसली. म्हणाली, "नको जाऊ शेकायला. तुजी मर्जी. पर मी भवानीआईला बोलून बसले, तेवढं फेड."

"काय बोललीस?"

"लेक पाच घरं जोगवा मागंल म्हनून."

"तूच माग की. तुला सवय आहे."

हे मी टोचून बोलले होते. तिला ते लागलं नाही, किंवा तिनं दाखवलं नाही. "माझ्या मागन्यानं तुला कसं लागंल? ज्याचं दुखनं त्यानं मागायचं, आन् मागितलेलं त्यानंच खायचं. रीत हाय ती."

वाद घालायला तोंडात ओल नव्हती. एकदाचं उरकावं म्हणून उठले. चेहऱ्याला ओढणी गुंडाळली. पुण्यात तोंड बांधून फिरणाऱ्या बाईकडे कोणी वळून पाहत नाही, ऑपरेशनपासून तीच माझी सोय होती. आईनं परडीत कुंकू टाकलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओढणीची गाठ सोडली.

"तोंड झाकून मागत न्हाईत. कोन मागतंय ते देनाऱ्याला दिसाय पायजे."

समोरच्याच दारावर पाटी आहे, विक्रेते व वर्गणीवाले यांनी बेल वाजवू नये. मी बेल वाजवली. निवृत्त गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. दार उघडून म्हणाले, "पाटी वाचता येत असेलच."

मी 'जोगवा' म्हणायला गेले. ओठ मिटत नव्हता, वाऱ्यासारखं काहीतरी बाहेर पडलं. "काय?" काका म्हणाले. पुन्हा म्हटलं. "काय?" तिसऱ्यांदा म्हणताना माझ्या त्या न मिटणाऱ्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं. तो डोळा असाही गळायचा, पण त्यांना ते कसं कळणार? त्यांनी परडी पाहिली, माझं तोंड पाहिलं, आणि आत वळून म्हणाले, "अहो, ऐकलंत का, देवी दारात आली आहे. वाटीभर पीठ आणा. चाळलेलं आणा, तिला कोंडा चालत नसावा." काकूंनी गव्हाचं पीठ घातलं आणि परडीच्या पाया पडल्या. मी बाजूला सरकले, त्या माझ्या पाया पडताहेत असं वाटू नये म्हणून.

खालच्या मजल्यावर एका बाईंनी ज्वारीचं दिलं आणि कपाळाला कुंकू लावलं. लावताना थोडं माझ्या नाकावर सांडलं. त्याखाली तीन मुलं भाड्यानं राहतात, ती म्हणाली, "काकू, जीपे चालेल?" आई म्हणाली, पीठच लागतं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "पीठ नाही हो. मॅगी आहे." किती दिवसांनी मला हसू आलं, तेही अर्ध्याच तोंडानं. ते घर धरलं नाही. पुढे एकीनं बाजरीचं घातलं, एकीनं तांदळाचं. अशी चार झाली.

पाचवं मिळेना. दुपार झालेली, दारांना कुलपं, सगळे कामावर. एक दार उघडलं आणि माझ्याकडे पाहून लगेच लागलं. मी जिन्याच्या कठड्याला टेकले. मी आईला म्हटलं, "बास. तुझ्या देवीला चार पुरे." आम्ही लिफ्टमध्ये शिरलो, मी आमच्या मजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट आमचा मजला सोडून वर गेली. कुणीतरी वरून बोलावली असणार, नाहीतर माझंच बोट चुकलं असेल. दार उघडलं तर समोर एक तरुण मुलगी, कडेवर बाळ, खाली निघालेली. तिनं परडी पाहिली आणि विचारलं, "जोगवा हाय का जी? आमच्याकडे अमरावतीले पण मागतात. थांबा ना." माझ्या चेहऱ्याबद्दल एक शब्द नाही.

ती आत गेली, डबे वाजले, आणि ओशाळून परत आली. "पीठ संपलं जी, दळायले टाकलं आहे. हे बाळाचं आहे, नाचणीचं सत्व. चालते का देवीले?"

"चालतं की बाई," आई म्हणाली. "ती काय पारखत बसत न्हाई."

घरी आल्यावर आईनं सगळी पिठं परातीत एकत्र केली. तिला भाकरी थापायची होती, जोगव्याची भाकरीच करायची असते. पण गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि त्यात ते सत्व. गोळा होईना, थापली की चिरायची. दोनदा मोडली, तिसऱ्यांदा तव्यावर फाटली. आई चिडली, देवीला दोन शब्द सुनावले, आणि सगळा गोळा पातेल्यात पाण्यात कालवून गॅसवर चढवला. वरून ताक घातलं. ती पातळ, राखाडी आंबील तिनं वाटीत माझ्यापुढे ठेवली.

पहिला घोट घेतला आणि तो परत येण्याची वाट पाहत बसले. तो आला नाही. चव नव्हतीच, खोटं का सांगू. पण उतरला. दुसरा उतरला. आई पाठमोरी भांडी घासत होती, मुद्दाम. वाटी संपली तेव्हा मला रडू फुटलं, आणि या वेळी दोन्ही डोळ्यांनी. आहारतज्ज्ञ बाईंनी अशीच पातळ पेज सांगितली असेल, मी ऐकलं नसेल. लिफ्टचंही कारण असेल. ते शोधायला मी बसले नाही. मला एवढंच कळलं, की माझ्या कमाईच्या भरल्या घरातलं काही घशाखाली जात नव्हतं, आणि मागून आणलेलं गेलं.

बुधवारी मी रेडिएशनला गेले. डॉक्टरबाई रागावल्या, राहिलेले दिवस शेवटी जोडून दिले. त्या जाळीखाली पूर्वी मला गुदमरायचं. आता मी मनात दारं वाजवायचे, पाटीचं दार, सांडल्या कुंकवाचं, मॅगीचं सुद्धा. पाचव्या दारापर्यंत पोचेतो मशीन थांबायचं.

बरी झाले, असं मी लिहिणार नाही. तोंड आजही वाकडं आहे, पाण्याची बाटली सोडून कुठे जाता येत नाही. फुप्फुसातले ठिपके काही वर्षं निपचित होते, आता त्यातला एक वाढतो आहे. एका गोळीचा विचार चालू आहे, ती लागू पडेलच असं बाईही म्हणत नाहीत. रात्री छातीवर हात ठेवून पडले की सगळं अंधारतं, आणि तिथे कुठलीच आरती पोचत नाही. आई थकली, गावीच असते. अमरावतीची ती मुलगी हैदराबादला बदलून गेली, मी तिला नावही विचारलं नव्हतं.

पण मंगळवारचा जोगवा मी चुकवत नाही. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून हात जोडणं, असं मला वाटायचं. माझा तर एक डोळा मिटतच नाही. आता वाटतं, रिकामी परडी घेऊन दारात उभं राहणं आणि आतून काय येईल ते आपण न ठरवणं, एवढंच ते असावं. आई भवानी, तू दिलंस ते मी घेतलं, यापुढे देशील तेही घेईन. कसं घेईन ते मात्र तूच बघ.

परवा काकांनी बेलच्या आधीच दार उघडलं. "उशीर केलात. पीठ केव्हाचं चाळून ठेवलंय." मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीतल्या फाइलकडे पाहून विचारलं, "स्कॅन कधी?"

"उद्या," मी म्हटलं.

ते आत गेले आणि आणखी एक मूठ घेऊन आले. मी परडी पुढे धरली. तोंड उघडंच होतं.