क्लास फोर, क्लास डी

भावोजी गेले, असा ताईचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "नक्की ना? डॉक्टरांनी नीट पाहिलं ना?" ही संशयाची सवय त्यांच्याकडूनच लागलेली... नागावला स्वतःच्या वाडीतला नारळसुद्धा कानाशी हलवून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी फोडला नाही.

नोकरी सगळी सरकारी कचेरीत शिपायाची. निवृत्तीनंतर चैन एकच, मोठ्या आवाजात भजनं ऐकण्याची. जुना अॅम्प्लिफायर जळाला म्हणून मी पनवेलहून जेवणाच्या डब्याएवढा नवा घेऊन गेलो. भावोजींनी चष्मा लावून वरची अक्षरं वाचली, 'क्लास डी', आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सुधीर, जनमभर क्लास फोर म्हनून हाका ऐकल्या. आता घरात पन चौथाच वर्ग?"

ही प्रतवारी नव्हे, कामाची पद्धत आहे, असं मी परोपरीनं सांगितलं. ए क्लासमध्ये वीज सतत वाहते, म्हणून तो तापतो. एबीमध्ये दोन भाग ओझं वाटून घेतात. डीवाला अतिशय वेगानं चालू-बंद होत राहतो, म्हणून वीज फुकट जात नाही. त्यांनी खोक्यावरून हात फिरवला. "गार हाय. म्हंजे काम करत न्हाय. आनि प्रतवारी न्हाय तर ए, बी, सी, डी कशाला? साहेब लोकांनीच नावं ठेवली असनार." शेवटी मी वैतागून म्हणालो, "अहो, ए क्लासवाला गाणं नसलं तरी वीज खात नुसता तापून बसतो!" "म्हंजे आमचे साहेबच की!" भावोजी म्हणाले आणि खो खो हसले.

पुढे मी गेलो की ते मुद्दाम माझा हात त्यावर ठेवायचे, "बग, गार हाय." ते हसणं खरं की माझ्या समाधानासाठी, ही शंका मला अधूनमधून चाटून जायची. पण मेहुण्यानं किती उकरायचं?

दिवसकार्याला गेलो. फळीवर अॅम्प्लिफायर होता आणि 'क्लास डी' या अक्षरांवर चिकटपट्टी, पुन्हा पुन्हा काढून लावल्यानं कडा काळवंडलेली. मला फार लागलं. त्यांना शेवटपर्यंत पटलंच नव्हतं तर... मी ताईकडे पाहिलं.

"पयल्या दिवसापासून लावायचे रे," ती म्हणाली. "तू येनार म्हटलं की काढायचे, तुला वाईट वाटू नये म्हनून. या खेपेला कोन काढनार?"